व्यालेल्या घोडीचं दूध, कॅल्शियमची बाटली आणि गहूभुसा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज कुठे चुकला असेल तर कळेल. तुम्ही शिरपूरकडचे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून गाभण मारवाडी घोडी आणलीत. तीन आठवड्यांपूर्वी ती व्याली, बछेरी (मादी शिंगरू) झाली. शिंगरू तासाभरात उठलं, चीक प्यायलं, वारही वेळेत पडली. आता काळजी अशी की कास म्हशीसारखी भरलेली दिसत नाही आणि शिंगरू सारखं सडाला तोंड लावतं, म्हणजे दूध पुरत नसणार. औषध दुकानातून कॅल्शियमची बाटली आणि दूध वाढवायची पावडर आणलीत, एका जाणत्याने शतावरी सांगितली, म्हशींची गोळीपेंड घरात आहेच. यातलं काय द्यावं? आणि शेवटी हळूच एक ओळ: बछेरीची उंची चांगली निघावी म्हणून आत्तापासून काय करता येईल?

खुराकही तुम्ही लिहिलाय, ते फार बरं केलंत. बहुतेक जण बाटलीचं नाव लिहितात आणि गव्हाणीत काय पडतं ते सांगतच नाहीत. तुमच्याकडे रोज तीन किलो गहूभुसा (म्हणजे गव्हाचा कोंडा), एक किलो हरभऱ्याचा भरडा, थोडा कडबा आणि म्हशींसाठी लावलेलं सुपर नेपिअर गवत पोटभर.

हे वाचून माझी नजर दोनच गोष्टींवर अडकली, भुसा आणि नेपिअर. तुम्ही विचारलेल्या बाटल्या आणि पावडरी माझ्या लेखी नंतरच्या.

मी घोडी पाहिलेली नाही, हे आधी सांगतो. तिचं वजन, वय, हे तिचं कितवं वेत, अंगावर मांस किती, कास गरम आहे का, ताप आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. पहिलारू घोडी आणि पाच वेतांची घोडी यांच्या दुधात फरक असतो. शिंगरू मलूल असेल, घोडीने खाणं सोडलं असेल किंवा कासेचा एक भाग कडक लागत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, जवळच्या पशुवैद्यकाला बोलवा. तसं काही नाही असं धरून लिहितो. मी या कामात सव्वीस वर्षं आहे, पहिली काही वर्षं पुण्याजवळच्या रेसच्या घोड्यांच्या स्टड फार्मवर आणि नंतर इंदापूर-अकलूज पट्ट्यात. सांगतोय ते त्याच अनुभवातून, हिशोबाच्या आधाराने.

आधी मुळातली शंका. दूध खरंच कमी आहे का?

घोडीची कास लहानच असते. त्यात एका वेळी साधारण दोनेक लिटर मावतं, म्हणून शिंगराला थोडं थोडं आणि सारखं प्यावं लागतं. पहिल्या आठवड्यात शिंगरू तासाला पाच-सात वेळाही पितं, पुढे हळूहळू अंतर वाढतं. वासराला दोन वेळा सोडायची सवय असलेल्या माणसाला हे बघून वाटतं की बिचारं उपाशी आहे. तसं नसतं. बघायचं ते असं: प्यायल्यावर शिंगरू काय करतं? पोटभर मिळालं तर ते तोंड सोडतं, दोन उड्या मारतं, नाहीतर आडवं होऊन झोपतं. दूध खरंच कमी असेल तर ते सड सोडत नाही, डोक्याने कासेला ढुशा देत राहतं, घोडी वैतागून सरकते, ते पुन्हा मागे जातं. अर्धा तास शांत बसून बघा, मोबाइल खिशात ठेवून.

उलट गोष्टीची मला जास्त धास्ती वाटते. एकदा भीमाकाठच्या एका गावातून फोन आला, कौतुकाचाच होता. ‘घोडीला दूध एवढं आहे की सडातून गळतंय, शिंगराच्या कपाळावर दुधाचे ओघळ आहेत.’ मी गाडी काढली. पोचलो तेव्हा शिंगरू कासेखाली उभं होतं, नाक सडाजवळ, पण ओढत नव्हतं. दूध त्याच्या कपाळावर टपकत होतं आणि वाळून केस ताठ झाले होते. मागच्या पायाचा सांधा हाताला गरम लागला, अंगात ताप. ते सकाळपासून प्यायलंच नव्हतं, म्हणून कास तटतटली होती. ते शिंगरू वाचलं, पण तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: लहान शिंगराच्या आईची कास रिकामी-सैल दिसली तर फारसं घाबरू नका, घट्ट भरून गळायला लागली तर शिंगराकडे धावा.

आणि अंदाजापेक्षा काटा खरा. शिंगरू गावातल्या भुसार व्यापाऱ्याच्या प्लॅटफॉर्म काट्यावर आठवड्यातून एकदा उभं करा, आई समोर धरली की ते उभं राहतं. तुमच्या घोडीएवढ्या आईचं शिंगरू जन्मतः पस्तीस-अडतीस किलोचं असतं आणि पहिल्या महिन्यात दिवसाला साधारण ८०० ग्रॅम ते एक किलो वाढतं. दीड महिन्याच्या आसपास जन्माच्या दुप्पट वजन झालं तर दूध पुरतंय. आठवड्यात चार किलोही वाढलं नाही तर दुधाचा किंवा शिंगराच्या तब्येतीचा प्रश्न खरा आहे असं समजा.

आता दूध कशातून तयार होतं ते पाहू. आधी घोडीचं वजन काढा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. समजा घेर १६८ आणि लांबी १६० आली, तर वजन ३८० किलोच्या घरात. मारवाडी घोडीला हे अगदी शक्य आहे, म्हणून पुढचा हिशोब त्यावर करतो.

अशी घोडी दुधाच्या भरात, म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत, वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास दूध देते, म्हणजे अकरा लिटर. हे दूध म्हशीच्या दुधासारखं दाट नसतं: स्निग्धांश दीड टक्का, प्रथिनं सव्वादोन टक्के, साखर मात्र सहा टक्क्यांवर. पातळ, किंचित निळसर दिसतं. ‘दूध पाण्यासारखं आहे’ अशी तक्रार माझ्याकडे वर्षातून दहा वेळा येते, आणि दहाही वेळा ते चांगलं दूध असतं.

पातळ असलं तरी ते तयार करायला घोडीचं अंग लागतं. रिकाम्या घोडीच्या तुलनेत व्यालेल्या घोडीला पहिल्या महिन्यात ऊर्जा जवळजवळ दुप्पट लागते, प्रथिनं दुपटीहून जास्त आणि कॅल्शियम तिप्पट. ३८० किलोच्या घोडीला रोज साधारण ११५० ते १२०० ग्रॅम प्रथिनं, ४५ ग्रॅम कॅल्शियम आणि २९ ग्रॅम फॉस्फरस. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यांच्यावर उभं आहे.

खुराक कमी पडला की काय होतं? ऊर्जा कमी पडली तर घोडी स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवून दूध देत राहते. शिंगरू गुटगुटीत, आई हाडं-बरगड्या. मालक खूश असतो, आणि मग तीच घोडी पुढे माजावर नीट येत नाही, आली तर गाभण राहत नाही. प्रथिनं कमी पडली तर मात्र दूधच घटतं आणि शिंगराची वाढ मंदावते. प्रथिनांतही लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो धान्यात आणि भुशात थोडा, डाळवर्गात आणि सोयाबीनमध्ये चांगला. म्हणून हरभऱ्याची जुनी चंदी, म्हणजे घोड्याचा दाण्याचा खुराक, चुकीची नव्हती. जुन्या पागांत हे शास्त्र कुणी लिहून ठेवलं नसेल, पण तोबऱ्यात हरभरा होता.

आता तुमचा खुराक. तीन किलो गहूभुशातून घोडीला फॉस्फरस मिळतो तीस ग्रॅमच्या पुढे आणि कॅल्शियम चारच ग्रॅम. कडबा आणि हरभरा धरून कॅल्शियम पंचवीस ग्रॅमपर्यंत कसंबसं जातं, फॉस्फरस चाळिशीला टेकतो. म्हणजे जिथे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट हवं, तिथे उलटं झालंय. त्यावर सुपर नेपिअर. नेपिअर, गिनी, पॅरा अशा उष्ण प्रदेशातल्या गवतांत ऑक्सलेट असतं. म्हशीच्या पोटातले जंतू ते बऱ्यापैकी मोडून काढतात. घोड्याच्या लहान आतड्यात ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतं आणि शेणावाटे बाहेर घेऊन जातं. म्हणजे जे पंचवीस ग्रॅम होतं, त्यातलंही अंगी लागणार थोडंच. दूध तर रोज कॅल्शियम मागतंय. मग घोडी ते आणते कुठून? स्वतःच्या हाडांतून.

याचं टोक मी पाहिलंय. एका ऊसवाल्या बागायतदाराकडे घोडीचं तोंड ‘भरदार’ झालंय म्हणून मला कौतुकाने दाखवायला नेलं. डोळ्यांखाली, दोन्ही बाजूंना, गालाची हाडं फुगली होती. मी बोटाने टिचकी मारली तर ठण्ण आवाज यायच्या जागी भरीव, दबका आवाज. चालताना कधी पुढचा पाय दुखतोय, कधी मागचा, निदान काहीच सापडत नाही असं आधीच्या दोघांनी सांगितलं होतं. वैरण चावताना घोडी थांबत होती, दात हलत होते. गव्हाणीत पाहिलं: नेपिअर आणि गहूभुसा, दीड वर्षं. इंग्रजीत या आजाराला ‘बिग हेड’ म्हणतात. हाडांतलं कॅल्शियम निघून जातं आणि त्या जागी तंतू भरतात. खुराक बदलल्यावर लंगडणं काही महिन्यांत गेलं, तोंडाचा आकार पूर्ण परत आला नाही. तिच्या त्या वेताच्या शिंगराचे पायही बारीक, गुडघे मोठे असेच राहिले. तुमच्या घोडीत असं काही आहे असं मी म्हणत नाही. पण रस्ता तोच आहे.

म्हणून पहिलं काम: नेपिअर घोडीपुढून बंद. ते म्हशींनाच घाला, त्यांच्यासाठीच लावलंय. अगदी नाइलाज असेल तर थोडंच, आणि बाकी वैरणीत लसूणघास भरपूर असेल तरच. हिरवी ज्वारीही घोडीला नियमित नको. कोवळ्या ज्वारीत सायनाइडचा धोका असतोच, शिवाय जास्त दिवस दिली की घोड्यांना लघवीचा त्रास आणि मागच्या पायांत लटपट येते.

दुसरं, भुसा तीन किलोवरून अर्ध्या किलोवर आणा. एकदम नाही, आठ-दहा दिवसांत. घोड्याचं पोट बदलाला रुसतं. पोटशूळ उठला की दुधाची चिंता बाजूलाच राहते.

त्यांच्या जागी काय? मी अशा घोडीला साधारण असं देतो. लसूणघास हिरवा दहा-अकरा किलो, कापून तीन-चार तास सुकवून, दोन-तीन वेळात विभागून. तो वाळला की दोन-सव्वादोन किलोच उरतो, पण त्यातून कॅल्शियम तीसेक ग्रॅम आणि प्रथिनं चारशे ग्रॅम येतात. त्याच्या जोडीला चांगलं वाळलेलं गवत किंवा स्वच्छ, बुरशी नसलेला कडबा चार-साडेचार किलो. चंदी म्हणून भरडलेला जव किंवा ओट अडीच किलो, हरभऱ्याचा भरडा एक किलो, सोयाबीनची तेल काढलेली ढेप ३०० ते ३५० ग्रॅम, आणि तो अर्धा किलो भुसा चवीला. हे सगळं गणित करून पाहिलं तर प्रथिनं बाराशेच्या घरात, कॅल्शियम पन्नासच्या जवळ, फॉस्फरस तीस. म्हणजे बाहेरून एक थेंब कॅल्शियम न घालता गरज भागते.

जव-ओट खानदेशात सहज मिळत नसतील तर त्यातला काही भाग बाजरीचा किंवा मक्याचा चालेल. मका मात्र बारकाईने बघून घ्या. बुरशी लागलेल्या मक्यातलं एक विष घोड्याच्या मेंदूचा भाग मऊ करून टाकतं. म्हशीला जो मका पचतो तो घोडीला मारू शकतो. शेंगदाणा पेंडीतही बुरशीचं विष असू शकतं, म्हणून मी तिच्या वाटेला जात नाही. आणि सोयाबीन घरचं असेल तर कच्चं घालू नका, भाजून घाला. कच्च्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो.

एका वेळी दीड किलोच्या वर चंदी नको. वरचं सगळं दिवसात तीन तोबऱ्यांत विभागा.

घास मिळतच नसेल तर? नंदुरबार-धुळ्यात पाण्याच्या टंचाईत असं होतं. मग खाद्याच्या दर्जाची चुनखडीची पावडर, जिला दुकानात कॅल्साइट म्हणतात, ती दिवसाला पन्नास ग्रॅम भिजवलेल्या चंदीत. त्यातून अठरा-एकोणीस ग्रॅम कॅल्शियम मिळतं, तेही फॉस्फरसशिवाय. पानाचा चुना नव्हे, तो तोंड भाजेल. आणि डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, तेही नव्हे, कारण डीसीपीत फॉस्फरसही भरपूर, आणि तुमच्या घोडीला तो आधीच जास्त होतोय. ‘डॉक्टर, आम्ही कॅल्शियम देतोय’ असं म्हणणारे निम्मे लोक डीसीपी देत असतात.

आता तुमच्या बाटलीकडे वळतो. लेबल वाचा, शंभर मिलीत कॅल्शियम किती? माझ्या हाती आलेल्या बऱ्याच बाटल्यांत दीड-दोन ग्रॅम असतं. पंचेचाळीस ग्रॅमच्या गरजेत दोन ग्रॅम. घासाची एक पेंढी त्याहून जास्त देते. बाटली वाईट नाही, ती या कामासाठी फार छोटी आहे. आणलीच आहे तर संपवा. जिथे कॅल्शियम खरंच तातडीने लागतं, म्हणजे भरपूर दूध देणारी घोडी थरथरायला लागली, घाम फुटला, चाल ताठर झाली, तिथे शिरेतून द्यावं लागतं, आणि तेही पशुवैद्यकानेच, हळूहळू, हृदयावर कान ठेवून. घाईने दिलं तर हृदय थांबू शकतं.

दूध वाढवायच्या पावडरींबद्दल काय बोलू. डब्यावर गाय-म्हशीचं चित्र असतं, घोडीचं नसतं. त्यात काय आहे ते नीट लिहिलेलं असेल आणि त्यात युरिया किंवा अनोळखी काही नसेल तर चालेल. पण पैसा मर्यादित असेल तर तो सोया ढेपेवर आणि घासावर खर्च करा.

शतावरीचं विचारलंत. देणाऱ्यांपैकी कुणाच्या घोडीला अपाय झालेला मी पाहिला नाही. दूध वाढलं हे मला काट्यावर सिद्ध करता आलेलं नाही, कारण शतावरी सुरू करणारा माणूस सहसा त्याच आठवड्यात खुराकही वाढवतो. द्यायची असेल तर द्या, मी आड येणार नाही. व्यालेल्या जनावराला बाळंतिणीसारखं जपायचं, बाजरीची घुगरी, गूळ, मेथी, अळीव घालायचं, ही आपल्याकडची माया आहे, आणि त्या घुगरीतली बाजरी तरी पोटात जाते. गूळ मूठभर ठीक. किलोने घालू नका.

गोळीपेंड मात्र नको. स्पष्ट नको. म्हशीच्या पेंडीत युरिया असू शकतो, घोडीला त्याचा उपयोग नाही आणि जास्त झाला तर धोका. त्याहून मोठी भीती मोनेन्सिनसारख्या औषधांची. ती कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास असतात, काही ठिकाणी गुरांनाही देतात, आणि घोड्याला अगदी थोड्या प्रमाणातही हृदयावर घाव घालतात. एकाच गिरणीत कोंबडीखाद्य आणि पेंड दळली जात असेल तर पोत्यावर काहीही छापलेलं असो, मी घोडीला घालणार नाही. पोत्याचं तोंड उघडं ठेवून गोठ्यातून जाऊ नका. घोडी रात्री सुटली की तीच पहिली तिकडे जाते.

पाण्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणून मीच विचारतो. दिवसातून दोनदा दाखवता का? मग दूध कमी होण्याचं सगळ्यात स्वस्त कारण तिथेच आहे. दूध देणाऱ्या अशा घोडीला रोज चाळीस ते साठ लिटर पाणी लागतं, आणि तुमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. मागच्या वर्षी एका ठिकाणी घोडी पाणी पीत नाही म्हणून मला बोलावलं. पाणी पत्र्यावरच्या काळ्या टाकीतून थेट पाइपने हौदात येत होतं. दुपारी मी हात घातला आणि काढून घेतला, इतकं गरम. सावलीत मातीचे दोन मोठे रांजण ठेवले, तिसऱ्या दिवशी शिंगराच्या ढुशा थांबल्या. खडेमीठ रोज चाळीस-पन्नास ग्रॅम चंदीत घाला, किंवा सैंधवाचा खडा टांगून ठेवा.

घोडी हडकुळी असेल, बरगड्या लांबून मोजता येत असतील, तर चंदी वाढवण्यापेक्षा मी तेल घालतो. सोयाबीन किंवा करडईचं, तीस मिलीपासून सुरू करून शंभरपर्यंत. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात, एवढं मांस पुरे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: शिंगरू काट्यावर वाढतंय का ते आधी बघा, नेपिअर बंद, भुसा अर्ध्या किलोवर, घास आणि सोया ढेप आत, पाणी गार आणि सतत. बाटली आणि शतावरी तुमच्या मनावर. आता शिंगराकडे येतो, कारण तिथे मी स्वतः चुकलोय.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आईला जे घालू ते सगळं दुधात उतरत नाही. तांबं आणि जस्त आईला कितीही चारा, दुधातलं प्रमाण फारसं हलत नाही. शिंगरू तांब्याची शिदोरी आपल्या यकृतात भरून जन्माला येतं, ती शिदोरी गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरते. म्हणजे हाडांच्या मजबुतीसाठीचं खनिज मिश्रण द्यायची खरी वेळ तुमच्या घोडीच्या बाबतीत डिसेंबर ते मार्च ही होती. आता पुढच्या वेताला लक्षात ठेवा. आणि शिंगराला म्हणून लोहाचं टॉनिक अजिबात पाजू नका. नवजात शिंगरांना लोह पाजल्याने यकृत निकामी होऊन ती दगावल्याच्या नोंदी आहेत. दूध पांढरं, त्यात लोह कमी, हे खरं, पण शिंगरू वैरण कुरतडायला लागलं की ती भर निघते. तुमची बछेरी आईचं शेण चाखताना दिसली तर ओरडू नका, तेही नैसर्गिक आहे, पोटातले कामाचे जंतू ती तिथून घेते. जंताचं औषध मात्र दीड-दोन महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यकाला विचारून सुरू करा. घोडीला व्याल्यानंतर लगेच दिलं होतं का, तेही सांगा. एक जंत दुधातूनच शिंगरात उतरतो.

दोन महिने झाले की दुधाचा भर उतरणीला लागतो आणि शिंगराची भूक वाढत जाते. तिथून पुढे शिंगराची वाढ आईच्या पावडरीवर अवलंबून राहत नाही, त्याच्या स्वतःच्या वाटीवर राहते. गोठ्याच्या कोपऱ्यात एक आडवा बांबू असा बांधा की खालून शिंगरू जाईल, घोडी जाणार नाही. आत उथळ पाटीत भरडलेला जव, सोया ढेप आणि खनिज मिश्रण. साधा हिशोब: जितके महिने, तितके अर्धे किलो. दोन महिन्यांचं शिंगरू, एक किलो. त्याच्या वर नको.

‘वर नको’ हे मी शिकलो कसं, ते सांगतो. तेव्हा मी नवीन होतो. एका हौशी मालकाला सहा महिन्यांत शिंगरू मोठं दाखवायचं होतं, यात्रेत लोकांनी थांबून बघावं म्हणून. मीही तरुण, मला वाटलं यात काय, खुराक वाढवू. आईला चंदी, शिंगराला चंदी, मका वाढवला. चार महिन्यांत शिंगरू असं वाढलं की बघत राहावं. पाचव्या महिन्यात घोट्याच्या वरचं हाड दोन्ही बाजूंना फुगलं, डमरूसारखं, आणि शिंगरू पुढच्या खुरांच्या टोकांवर उभं राहायला लागलं. हाडांच्या वाढीच्या जागेवर वजनाचा भार पडला होता. चंदी तोडली, फिरवणं कमी केलं, सांधे बऱ्यापैकी बसले, पण ती चाल कायमची थोडी आखडलेली राहिली. मालक मला काही बोलले नाहीत. मला ते जास्त लागलं.

म्हणून उंचीबद्दल तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर. बछेरीची उंची घोडा आणि घोडी यांनी ठरवलीय. तुमच्या हातात एवढंच आहे की ती उंची गाठताना काही आडवं येऊ नये: प्रथिनं, कॅल्शियम, जंत, आणि रोज मोकळं धावणं. सहा महिन्यांचं शिंगरू खुंट्याला बांधून ठेवायचं आणि उंचीसाठी पावडर आणायची, हे मी फार पाहिलंय. बाजारात उंचीला भाव आहे, मला माहीत आहे. पण पुढच्या मालकाला घोडीवर बसायचं असतं, आणि तेव्हा तो पाय बघतो.

घोडीचा घेर आणि लांबी, शिंगराचं रविवारचं वजन, आणि एका दिवसात घोडी किती बादल्या पाणी पिते, एवढं कळवा. सड हलकेच पिळून दोन धारा काचेच्या ग्लासात घ्या आणि त्यात गुठळ्या किंवा लालसर रंग दिसतोय का तेही लिहा. मग चंदीचा आकडा तुमच्या घोडीच्या मापाने पक्का करून देतो.